बावीस नंबरचा थांबा

ताइस्तो : आवडला नाही असं कुठे म्हणालो? वाचला, एवढंच म्हणालो.

राइली : कादंबरीचा सहाशे पानांचा तिसरा भाग वाचलात आणि तोंडातून शब्द काय निघाला, तर 'वाचला'. त्या नकाशेवालीनं शेवटी स्वतःचंच गाव नकाशावरून पुसून टाकलं, तरी तुमचं आपलं 'वाचला'!

ताइस्तो : शेवटी तिनं काय केलं ते तुला काय माहीत? तू तर नेहमी म्हणतेस, गाडी चालवू की पुस्तकं वाचू.

राइली : मागच्या कव्हरवर लिहिलंय की.

ताइस्तो : शेवट? मागच्या कव्हरवर?

राइली : म्हणजे... साधारण. अहो, बूट झटका आधी. अख्खं शेत घेऊन आलात गाडीत.

(एप्रिलातला मंगळवार, दुपारचे दोन वाजून गेलेले. उत्तर फिनलंडमधल्या एका वस्तीबाहेर, पूर्वी दुधाचे कॅन ठेवायच्या जुन्या फलाटापाशी वाचनालयाची फिरती बस उभी आहे : थांबा क्रमांक नऊ. बस राइलीच चालवते आणि पुस्तकंही तीच देते. ताइस्तो हा या थांब्यावर आता उरलेला एकुलता एक वाचक. बस पंधरा दिवसांनी एकदा येते आणि वीस मिनिटं थांबते. आजची फेरी शेवटची आहे. हे दोघांनाही ठाऊक आहे, आणि दोघंही तो विषय टाळताहेत.)

ताइस्तो : चिखल आहे, विष नाही. रस्ता बघितलास का वळणावरचा? बर्फ वितळला की दर वर्षी तिथेच खचतो. मी असताना मार्चमध्येच खडी पडायची. आता कुणाला पडलीय.

राइली : तीस वर्षं रस्ते साफ करायची गाडी चालवली म्हणून जिल्ह्यातले सगळे रस्ते तुमच्या नावावर झाले नाहीत.

ताइस्तो : बत्तीस. आणि तू त्या खड्ड्यात पुढचं चाक घालतेस. न चुकता. घरात बसून ऐकू येतं मला. कपाटातले कप वाजतात.

राइली : आजच्यानंतर नाही वाजायचे.

ताइस्तो : हं.

राइली : तर हे बघा, तुमची पिशवी मी भरूनच आणलीय. परतीची तारीख टाकलेली नाही. चार विज्ञानकथा, दोन जादूच्या, आणि ही एक प्रेमकथा. नाक मुरडू नका, शेवटी दोघंही जिवंत राहतात. विज्ञानकथांतली ही निळी आधी घ्या. समुद्राच्या तळाशी शहर वसवतात आणि शंभर वर्षांनी पोरं विचारतात, वर काय आहे...

ताइस्तो : चिठ्ठी?

राइली : कसली?

ताइस्तो : बावीसची. कुठल्या पुस्तकाच्या खिशात आहे?

राइली : या वेळी नाही आली.

ताइस्तो : तीन वर्षांत पहिल्यांदा.

राइली : असेल काही काम. लोकांना कामं असतात.

ताइस्तो : बर्फात अडकली गाडी तेव्हा आली. तू महिनाभर आजारी होतीस आणि बदलीवर तो दाढीवाला यायचा, तेव्हा नव्हती आली. ते सोडलं, तर एकदाही चुकली नाही. आणि शेवटच्याच फेरीला काम?

राइली : मी काय सांगणार? माझं काम पुस्तकं देणं. चिठ्ठ्या तुम्ही वाचक एकमेकांना लिहिता.

ताइस्तो : पेपरात यादी छापून आली परवा. 'फिरत्या वाचनालयाची अखेरची फेरी, सर्व थांबे.' आजवर मला फक्त आमच्या मंगळवारचा कागद मिळायचा, एक ते बारा. पलीकडच्या आठवड्यातले थांबे मी कधी पाहिलेच नव्हते. पाहिले. एकवीस आहे. तेवीस आहे.

राइली : छपाईची चूक असेल.

ताइस्तो : फोन केला मी पेपरात. चूक नाही म्हणाले. नगरपालिकेनं दिली तशी छापली.

राइली : तुम्ही फोन केलात? पेपरात?

ताइस्तो : केला. मग?

राइली : काही नाही. दात दुखत होता तेव्हा दवाखान्यालासुद्धा मलाच करायला लावला होतात.

ताइस्तो : विषय बदलू नकोस. बावीस कुठे गेली?

राइली : हे बघा, खरं तर मी सांगू नये. कोण काय वाचतं, कोण कुठल्या थांब्यावर येतं, काही सांगायचं नाही. कायदा आहे तसा. म्हणून तर चिठ्ठीवर नाव नसतं, नुसता नंबर.

ताइस्तो : कायदा पाठ आहे मला. एकोणीस वर्षं ऐकतोय.

राइली : पण आज शेवटचा दिवस, म्हणून सांगते. ती गेली. भाचीकडे, तांपेरेला. गेल्या महिन्यात. वय झालं होतं, एकटीला जमेना.

ताइस्तो : भाचीकडे.

राइली : हो.

ताइस्तो : आणि महिन्याभरात तुम्ही थांबासुद्धा उडवलात? आमच्याकडे माणूस मेला तरी त्याची पत्रपेटी चार वर्षं रस्त्याकडेला उभी असते.

राइली : नगरपालिका आहे. कधी झोपते, कधी पळते.

ताइस्तो : कशी होती दिसायला?

राइली : कोण?

ताइस्तो : बावीस.

राइली : अशीच. साधी. चारचौघींसारखी. टोपी घालायची.

ताइस्तो : टोपी. बरं. आता ते पुस्तक दे इकडे. आत्ता परत केलं ते. उघड. दोनशे अकरा.

राइली : कशाला?

ताइस्तो : उघड म्हणतो ना.

राइली : हं. उघडलं.

ताइस्तो : कडा बघ. ते पान आणि पुढचं छापखान्यातूनच जोडलेलं आलं होतं. कुणीतरी सुरीनं सोडवलंय. सुरी तिरकी गेलीय.

राइली : होतं असं कधी कधी.

ताइस्तो : आता ही चिठ्ठी वाच. मोठ्यानं.

राइली : तुमची खाजगी चिठ्ठी मी कशी...

ताइस्तो : वाच. चष्मा नाही आणला मी.

राइली : 'नऊ नंबरास. नकाशेवालीचा तिसरा भाग संपवला. काहीही करा, पण हा वाचाच. शेवट सांगत नाही. एक पान माझ्या हातून तिरकं कापलं गेलंय, रागावू नका. घाईत होते, पुढे काय होतं ते कळल्याशिवाय राहवेना. बावीस.'

ताइस्तो : ही मला मिळाली फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी. आता पुस्तकाचं पहिलं पान उघड. तुझाच शिक्का आहे. तारीख?

राइली : चौदा मार्च.

ताइस्तो : चौदा मार्चला नोंद झाली. प्लॅस्टिक चढवलं. कपाटात आलं. त्याआधी हे पुस्तक कुठे होतं?

राइली : खोक्यात.

ताइस्तो : खोकं कोण उघडतं? तांपेरेची भाची?

राइली : मी उघडते.

ताइस्तो : हं.

राइली : प्लॅस्टिक चढवायच्या आधी वाचते मी. सगळीच नाही. ज्यांची वाट पाहत असते तेवढी. कोऱ्या कागदाची वाचायला बरी वाटतात. नियमात बसत नाही ते.

ताइस्तो : नियमाचं मला सांगू नकोस आता.

राइली : तुम्हाला कधी कळलं?

ताइस्तो : दहा दिवस झाले. दोनशे अकराव्या पानाशी आलो, हसलो. म्हटलं, बघा, हिचा हात. मग पुस्तक मिटताना पहिलं पान उलटलं आणि तो शिक्का दिसला. पुढची चारशे पानं मी कशी वाचली ते मला ठाऊक.

राइली : म्हणजे मघापासून तुम्हाला माहीत होतं. आणि तरी माझ्याकडून तिला टोपी घालून घेतलीत.

ताइस्तो : तुला संधी दिली. दारात उभा राहिलो तेव्हा मनाशी म्हटलं, विचारून बघू. सांगेल. तू तिला तांपेरेला पाठवलीस.

राइली : दुसरं काय करणार होते? मारून टाकणार होते आधी. काल रात्रभर तेच ठरवत होते. मग वाटलं, मेली म्हटलं तर तुम्ही फुलं घेऊन जायचं म्हणाल, कबर विचाराल. म्हणून भाची.

ताइस्तो : मेहेरबानी.

राइली : रागावलात.

ताइस्तो : मला अजून ठरवता आलेलं नाही. बावीस आहे कुठे पण? थांबा होता का कधी?

राइली : होता. तळ्यापलीकडे, फाट्यावर. सात घरं होती. मग पाच, मग तीन. सहा वर्षांपूर्वी नगरपालिकेनं बंद केला, वाचक नाही म्हणून.

ताइस्तो : आणि ते कुणालाच आठवलं नाही.

राइली : वाचक होता एक. पण ती गाडीच चालवते म्हटल्यावर तिला थांबा कशाला? माझ्या घरासमोरचा थांबा तो. मीच पाटी उपटून आणली. कोठारात आहे अजून.

ताइस्तो : हं.

राइली : नंबर रिकामा राहिला होता. मी घेतला.

ताइस्तो : का? लोकांची चेष्टा करायला?

राइली : लोकांची नाही. तुम्ही एकटेच होतात. आणि चेष्टा नव्हती. तुम्हाला आठवतं का, तीन वर्षांपूर्वी तुम्ही चुकून प्रेमकथा नेलीत? ती फेरीबोटीची. निळं कव्हर बघून अवकाशाची समजलात.

ताइस्तो : आठवतं. तो बोटवाला आणि ती तिकीटखिडकीतली. वीस वर्षं तो रोज म्हणतो 'एक, जाऊन-येऊन', आणि ती तिकीट देते. बास. चारशे पानं मी त्या गाढवाला शिव्या घातल्या. अरे, तोंड उघड!

राइली : तुम्ही ती पंधरा दिवसांनी परत केलीत. मला वाटलं, उघडलीही नसेल. पण या पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर कॉफी सांडली होती. म्हणजे पोचला होतात शेवटापर्यंत. मला इतकं विचारावंसं वाटलं, कसं वाटलं म्हणून! ते माझं सगळ्यांत लाडकं पुस्तक. पण विचारायचं कसं? कोणी काय वाचलं त्यावर आपण होऊन बोलायचं नाही. आणि तुम्ही पायरीवर उभे, म्हणालात, 'वारा पडलाय.'

ताइस्तो : पडला असेल.

राइली : लोक चढतात, विचारतात, 'काय वाचू?' मी त्यांना त्यांच्या आवडीचं देते. हिल्क्काला डॉक्टर आणि नर्स, मोठ्या अक्षरांत. पाद्रीबाईला खून. तुम्हाला ग्रह आणि तारे. एकोणीस वर्षांत चोवीस थांब्यांवरच्या एकाही माणसानं 'तुला काय आवडतं?' असं विचारलं नाही. मी काही रडत नाहीये, सांगते आहे. विचारायचं कारणच काय? मी गाडीवाली.

ताइस्तो : मग चिठ्ठी लिहिलीस.

राइली : पुढच्या पुस्तकाच्या खिशात टाकली. 'फेरीबोटवाला गाढव आहे, पण एकविसावं प्रकरण पुन्हा वाचा.' सही काय करू कळेना. बावीस लिहिलं. म्हटलं, फार तर फेकून द्याल.

ताइस्तो : मी ती चिठ्ठी साखरेच्या डब्यात ठेवली.

राइली : आणि पुढच्या खेपेला उत्तर आलं. 'वाचलं. तरी गाढवच. तू अकरा वर्षांवालं वाच, म्हणजे कळेल वाट बघणं कशाला म्हणतात.'

ताइस्तो : वाचलंस ना पण?

राइली : वाचलं म्हणजे! इथून माणूस प्रश्न पाठवतो, तो पोचायला अकरा वर्षं, उत्तर यायला अकरा. आणि उत्तर येतं तेव्हा विचारणारा गेलेला, त्याच्या खुर्चीत भलतीच कुणी तरी बाई बसलेली. ती ते उत्तर ऐकते आणि परत प्रश्न पाठवते, त्याच्याच नावानं. मी गाडी रस्त्याकडेला लावून वाचलं. सतरा नंबरला पाऊण तास उशिरा पोचले, म्हटलं टायर गेला.

ताइस्तो : हे तू चिठ्ठीत नव्हतं लिहिलंस.

राइली : टायरचं कसं लिहिणार? टायर गाडीवालीचा.

ताइस्तो : गाडीवालीबद्दल मी काय काय लिहिलंय, ते सगळं वाचलंस तू.

राइली : सगळं. 'गाडीवाली फार बडबड करते.' 'गाडीवाली गिअर टाकते की हाडं मोडते.' 'गाडीवालीला सुट्टी देऊन पुस्तकांनाच चाकं लावायला हवीत.'

ताइस्तो : आणि बावीसनं उत्तर दिलं, 'ती वाईट नसावी, दिवसभर बोलायला कुणी मिळत नसेल बिचारीला.' स्वतःची वकिली स्वतःच!

राइली : दुसरं कोण करणार?

ताइस्तो : मला त्या चिठ्ठीनं वाईट वाटलं होतं. पुढच्या खेपेला तुला मी पाव दिला.

राइली : वेलदोड्याचा. माहीत आहे. पुढच्या थांब्यापर्यंत खाल्लाच नाही, नुसता शेजारच्या सीटवर ठेवला.

ताइस्तो : पण नाताळचं काय? नाताळचं सांग. मी बावीसला लिहिलं होतं, पोरीचा फोन आला नाही. दोन दिवस फोनशेजारी बसलो, दूध आणायलासुद्धा बाहेर गेलो नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. शेजारी विचारत होता, त्याला म्हटलं, तासभर बोललो तिच्याशी. आणि जानेवारीत तू आलीस. दार उघडलंस आणि म्हणालीस, 'काय, नाताळ छान गेला ना?'

राइली : हो.

ताइस्तो : वाचून आली होतीस तू. आणि तरी विचारलंस.

राइली : मग काय विचारायला हवं होतं? मला ते माहीत असायला नको होतं. बावीसला माहीत होतं. मी ते वाक्य आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. तुम्ही म्हणालात, 'गेला की.' आणि मी तुम्हाला मंगळावरचं पुस्तक दिलं.

ताइस्तो : मला वाटलं होतं, या बाईला लाज नाही.

राइली : असेल तसंच.

ताइस्तो : नाही. तसं नाही. पण तू समोर उभी होतीस. एवढ्या अंतरावर. एक शब्द बोलली असतीस...

राइली : तुम्ही पुन्हा पायरी चढला नसतात. खरं सांगा. चढला असतात?

ताइस्तो : ...नसतो.

राइली : तेच. मग चिठ्ठ्याही गेल्या असत्या आणि मंगळवारही गेला असता. मी भित्री आहे हो. मोठी गाडी चालवते म्हणून कुणाला कळत नाही.

ताइस्तो : दोन वाजून छत्तीस झाले. तू सव्वीसला निघतेस.

राइली : माहीत आहे.

ताइस्तो : दहा नंबरला हिल्क्का रस्त्यावर येऊन उभी असेल.

राइली : असेल. तिला डॉक्टर आणि नर्स मिळतील. दहा मिनिटं उशिरा लग्न झालं तर त्यांचं काही बिघडत नाही.

ताइस्तो : तुला माझं दुःख कळलेलं नाही. तुला वाटतंय, मी रागावलोय की तू फसवलंस. ते आहेच. पण ते नाही.

राइली : मग काय?

ताइस्तो : हे बघ. माझं फार नाही. शेजारी आहे, तो फक्त हरणांच्या शिकारीचं बोलतो. पोरगी आहे, ती परदेशात. त्याशिवाय माझी दोन माणसं होती. एक गाडीवाली, पंधरा दिवसांनी यायची, कटकट करायची, पण यायची. आणि एक बावीस. दहा दिवसांपूर्वीपर्यंत दोन होती. त्या शिक्क्यानंतर एकच उरलं. आणि त्याचाही आज शेवटचा दिवस.

राइली : माझ्याकडे पहिल्यापासून एकच होतं. चोवीस थांबे फिरायचे आणि रविवारी बसून एका माणसाला चिठ्ठी लिहायची. तीच माझी आठवड्यातली मोठी गोष्ट. चार चार कागद फाडायचे. आपण शिफारस करतोय की गाऱ्हाणं सांगतोय, तेच कळायचं नाही. मग गाऱ्हाणं काढून टाकायचे आणि शिफारस ठेवायचे.

ताइस्तो : काढून नको होतंस टाकायला.

राइली : आता काय उपयोग. सोमवारपासून मी पेन्शनीत. गाडी विकायला काढलीय. तुम्हाला शहरातलं वाचनालय खुलं आहे, कार्ड लावलं की दार उघडतं, सकाळी सहापासून. यंत्रावर पुस्तक ठेवलं की नोंद होते.

ताइस्तो : माणूस?

राइली : माणूस नसतो. मंगळवारी आणि गुरुवारी चार तास असतो.

ताइस्तो : साठ किलोमीटर. डोळ्यांमुळे परवाना काढून घेतला माझा, ज्यांचे रस्ते बत्तीस वर्षं राखले त्यांनीच. चालत जाऊ का?

राइली : मी येईन ना.

ताइस्तो : कशी?

राइली : माझी छोटी गाडी आहे. मंगळवारी एक आड एक. शहरातून पुस्तकं आणीन. तुमच्या कार्डावर. ते नियमात बसतं, मी चौकशी केलीय.

ताइस्तो : आधीच केलीस?

राइली : फेब्रुवारीत.

ताइस्तो : आणि बोलणार काय आपण?

राइली : म्हणजे?

ताइस्तो : म्हणजे काय म्हणजे. कागदावर सगळं जमतं. कागदावर मी चांगला माणूस आहे. समोरासमोर एकोणीस वर्षांत आपण खड्डा आणि हवा सोडून काय बोललोय? तू येशील, मी कॉफी टाकीन, तू म्हणशील रस्ता वाईट आहे, मी म्हणेन हो. मग दोघंही कपाकडे बघत बसू. त्यापेक्षा बावीस तांपेरेला गेलेली बरी.

राइली : आत्ता बोललोच की.

ताइस्तो : आत्ता भांडलो. ते सोपं असतं.

राइली : मग भांडायला येईन.

ताइस्तो : पन्नाशी उलटलेली बाई साठ किलोमीटर फिरून भांडायला येणार!

राइली : साठी. पुढच्या महिन्यात.

ताइस्तो : हे पण चिठ्ठीत नव्हतं.

राइली : वय कोण लिहितं.

ताइस्तो : जे लिहिलंस ते तरी खरं होतं? का ते पण टोपीसारखंच?

राइली : कुठलं?

ताइस्तो : खिडकीजवळची खुर्ची. तिथे बसून वाचते, तळं दिसतं.

राइली : खरं आहे.

ताइस्तो : भावाशी बोलणं नाही, जमिनीवरून.

राइली : खरं.

ताइस्तो : तो गेल्या हिवाळ्यातला कागद, की कधी कधी दोन दिवस बोललेच नाही हे तिसऱ्या दिवशी दुकानात आवाज फुटेना तेव्हा कळतं.

राइली : तो टाकायला नको होता. तो गाऱ्हाण्यातला होता, चुकून राहिला.

ताइस्तो : मला तो पाठ आहे. आणि मांजर? वाचताना पुस्तकावर येऊन बसतं ते?

राइली : होती. करडी. ती जानेवारीत गेली.

ताइस्तो : मार्चच्या चिठ्ठीत ती खिडकीत बसली होती. पक्षी बघत होती.

राइली : हो.

ताइस्तो : मेलेली मांजर तू खिडकीत बसवलीस?

राइली : पुस्तकाच्या चिठ्ठीत कसं लिहायचं ते? मी लिहिलं असतं, तुम्ही उत्तरात 'वाईट वाटलं' म्हणाला असतात, आणि मग ते खरंच झालं असतं. तुमच्या कागदावर तरी ती होती. म्हटलं, राहू दे.

ताइस्तो : लिहायचं होतंस.

राइली : हो.

ताइस्तो : किती वर्षांची होती?

राइली : सतरा. मागच्या बाजूला बर्चच्या झाडाखाली पुरली. जमीन दगडासारखी झाली होती. दोन दिवस लागले खणायला.

ताइस्तो : जानेवारीत एकटीनं खणलंस? आधी शेकोटी पेटवायची असते वर, रात्रभर. मग माती सुटते.

राइली : मला कोण सांगणार होतं.

ताइस्तो : मी सांगितलं असतं. आलो असतो. नाव काय होतं तिचं?

राइली : नाव नव्हतं ठेवलं. घरात दुसरं कुणी नव्हतंच. नुसतं 'ये' म्हटलं की तीच यायची.